त्यागवेतन

१६ ऑक्टोबर २००६, सोमवार

आज नवी वही काढली. जुनीत अजून चाळीस पाने कोरी आहेत. पण आज जे सुचले ते एकोणीस वर्षांच्या किरकोळ नोंदींच्या शेपटाला बांधणे प्रशस्त वाटेना.

घडले असे. सकाळी मालकांनी बोलावले. अर्मंड ट्रूडेल यांच्या दारांच्या कारखान्यात हजेरी, पगार आणि विमा ही तिन्ही खाती माझ्याकडे. म्हणजे कोणाला काहीही कमी पडले की तो माझ्याच टेबलाशी येतो. मालकांच्या हातात विमा कंपनीचे पत्र होते. पुढच्या वर्षी आरोग्यविम्याचा हप्ता एकोणीस टक्क्यांनी वाढणार.

"वेन," मालक म्हणाले, "एक्केचाळीस माणसं आपल्याकडे. एवढी आजारी पडतात तरी कधी? मला तर रोज धडधाकट दिसतात."

"म्हणून तर आजवर परवडलं, मालक."

"आता नाही परवडत. काढ काहीतरी डोक्यातून. दारं मी बघतो."

दुपारी पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली भाजकी करंजी, खाता खाता काढले! इतके सोपे की अर्धी पास्टी तशीच राहिली. आमच्या निम्म्या कामगारांच्या बायका दुसरीकडे नोकरी करतात, आणि तिथल्या विम्यात नवऱ्याचेही नाव असते. आमच्या विम्यात बायकोचेही नाव असतेच. म्हणजे एका डोक्यावर दोन छत्र्या, आणि पाऊस तेवढाच. जो आमची छत्री परत करील त्याला महिन्याला दीडशे डॉलर द्यायचे. कंपनीचे वाचतात सातशे. यात विमा कंपनीखेरीज कोणाचेही वाईट होत नाही, आणि तिचे वाईट चिंतणे हे शास्त्रात कुठे पाप म्हणून सांगितलेले नाही.

नावही सुचले: त्यागवेतन. त्याग करावा आणि वर वेतन घ्यावे. ऋषिमुनींना हे जमले नव्हते.

१८ ऑक्टोबर, बुधवार

मंजूर! मालकांनी कागद दोनदा वाचला, दुसऱ्यांदा चष्मा लावून.

"यात फसवणूक कुठे आहे?"

"कुठेच नाही."

"मग एवढी वर्षं का सुचलं नाही तुला?"

या प्रश्नात कौतुक आहे असे मी धरून चालतो.

मी एक कडक अटही घातली आहे. बायकोच्या विम्याच्या कार्डाची प्रत जोडल्याशिवाय कोणालाही त्यागवेतन नाही. उद्या कोणी उघडा पडला असे व्हायला नको. घरी येऊन हे सगळे मार्लिसला सांगितले. मार्लिस म्हणजे माझी बायको. काउंटीच्या वृद्धाश्रमात स्वयंपाकघर सांभाळते. साठ म्हाताऱ्यांना तीन वेळा जेवू घालून घरी येते, आणि मग मी भूक लागली म्हणालो की माझ्याकडे एकसष्टावा म्हणून बघते.

"म्हणजे लोकांना विमा घेऊ नका म्हणून पैसे देणार?"

"दुसरा विमा असेल तरच."

"आणि ज्याच्याकडे असेल तोच पैसे घेणार. नसेल तो बसून राहणार. वेन, तुम्ही ज्याचं पोट भरलंय त्यालाच वाढताय."

तिला अर्थशास्त्राचे अंग नाही. पण पहिली सही मीच करणार आहे. तिचे कार्ड माझ्या पाकिटात आहेच.

३० ऑक्टोबर, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत सभा घेतली. फळ्यावर दोन छत्र्या काढल्या. एक जरा भोपळ्यासारखी झाली.

बड पेलकोला, आमचा सर्वांत जुना सुतार, डबा उघडत म्हणाला, "म्हणजे आजारी न पडण्याचे पैसे?"

"नाही. इथून विमा न घेण्याचे."

"मी गेल्या अकरा वर्षांत डॉक्टरकडे गेलो नाही. मागचे मिळतील?"

हशा. तरुण टॉड कोस्की मागे उभा होता. सँडरवर दारे घासतो. त्याच्या भुवयांवर कायम लाकडाचा पांढरा भुगा असतो, त्यामुळे सव्विसाव्या वर्षी तो अनुभवी दिसतो. त्याची बायको जेनेल मार्लिसच्याच वृद्धाश्रमात रात्रपाळीला परिचारिका-मदतनीस आहे आणि तिला सातवा महिना चालू आहे.

"वेन, आमचं कसं? बाळ जानेवारीत आहे. अकरा तारीख दिलीय."

"जेनेलच्या विम्यात तू आहेस ना?"

"आहे. कार्ड आहे."

"मग बाळंतपण तिच्या विम्यातून. तुझा इथला विमा नुसता खुंटीला टांगलेला. दीडशे डॉलर महिना घे आणि पाळणा घे."

त्याचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचा हेवा वाटला. मुदत १४ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच. ती पुढे नेण्यात अर्थ नव्हता. १५ ला हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो, कारखाना काही दिवस बंद, आणि महिनाअखेरपर्यंत या गावात कोणत्याही पुरुषाची सही मिळत नाही.

७ नोव्हेंबर, मंगळवार

नऊ सह्या! मी एक मोठा तक्ता आखला आहे: नाव, कार्डाची प्रत, सही, बचत. बचतीच्या रकान्याला हिरवी शाई. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याच्या रेघा मारत होतो. मार्लिस वृद्धाश्रमातल्या कसल्याशा कागदाबद्दल सांगत होती, नाताळच्या आधी काही मिळणार आहे, सगळ्या बायकांनी सही केलीय, तिने करावी का. मी म्हटले, अवश्य कर. रेघ वाकडी गेली, पुन्हा मारावी लागली.

बंदूक साफ करायची राहिली आहे. बूट तेलवून ठेवले.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

तेरा. मालक जिन्यात भेटले आणि काहीही कारण नसताना माझ्या पाठीवर थाप मारली. मला एकोणीस वर्षांत ही दुसरी. पहिली खोकल्याच्या वेळी होती.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

चौदा! पावणेपाचला टॉड आला, अंगात आधीच शिकारीचे नारिंगी जाकीट. ट्रक बाहेर चालू ठेवलेला, मागे बर्फावरची गाडी, पेट्या, कांद्याचे पोते.

"जेनेलशी बोललास ना?" मी विचारले. मी असले प्रश्न विसरत नाही.

"बोललो की. म्हणजे ती बोलत होती, मी बंदुकीवर दुर्बीण बसवत होतो. तिने पण काहीतरी सही केली म्हणाली. सगळं ठीक आहे म्हणाली."

"छान. कार्ड?"

कार्डाची प्रत आणली होती, स्वच्छ. जेनेलच्या विम्याची, त्यावर दोघांची नावे, आणि तळाला "वैध: ३१ डिसेंबर २००६ पर्यंत". सर्व यथासांग. पाच वाजता यादी विमा कंपनीला पाठवली आणि दिवा मालवला. एवढा समाधानी मी कोणत्याही मोसमात जंगलात गेलेलो नाही.

१५ नोव्हेंबर

मोसम उघडला. थंडी उणे नऊ. हरीण नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

अजून हरीण नाही, बडला दोन. तो म्हणतो, मी हरणांशी बोलत नाही म्हणून ती येतात. रात्री साउनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, मी त्याला त्यागवेतनाचे सर्व गणित पुन्हा समजावले. तो मध्येच उठून बर्फात गेला आणि बराच वेळ आला नाही.

२३ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग

हे लिहायला हात धजत नाही, पण वहीशी खोटे बोललो तर मग खरे कोणाशी बोलायचे.

टॉड आणि जेनेल जेवायला होते. त्यांचे दोघांचेही आईवडील दक्षिणेला फ्लोरिडात पळालेले असतात. टर्की उत्तम झाली होती. जेनेल खुर्चीवर बाजूने बसली होती, कारण समोरून बसली तर ताटापर्यंत पोचत नव्हती. मार्लिस म्हणाली,

"जेनेल, तुझा चेक आला का गं?"

"काल आला. हजार डॉलर! पाळण्याचे पैसे झाले."

"पाळण्याचे तर माझे होणार होते," टॉड म्हणाला. "वेनच्या त्यागवेतनातून."

"कसला चेक?" मी विचारले. तोंडात बटाटा होता.

"सांगितलं नव्हतं का तुला?" मार्लिस म्हणाली. "आमच्याकडेही काढलंय यंदा. ज्यांच्या नवऱ्याचा विमा आहे त्यांनी आश्रमाचा घेऊ नये, हजार डॉलर रोख. आम्ही सगळ्या तुमच्या दारांच्या विम्यावर आहोत ना."

चमचा कुठे ठेवावा हे मला कळेना.

"आम्ही दारांच्या विम्यावर नाही आहोत," टॉड हळूच म्हणाला. "मी सोडला. तुझा आहे म्हणून."

जेनेलने पोटावर हात ठेवला. पोट दुखत नव्हते. तिने नुसता ठेवला.

"मी सांगितलं होतं तुला," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात. तू दुर्बीण बसवत होतास."

"आणि मीही सांगितलं होतं," मार्लिस मला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट. "चूक माझीच. पंधरा नोव्हेंबरच्या आधीच्या आठवड्यात या गावात नवऱ्याला सांगितलेलं सांगितल्यात धरत नाहीत. माझ्या आईने मला लग्नातच सांगितलं होतं."

दोन्ही छत्र्या परत केल्या, चौघांनीही. बाकीच्या बारा सह्यांच्या बायका दुसरीकडे नोकरीला, तेवढे वाचले. कार्डे खरी होती. फक्त ती याच वर्षाची होती. ३१ डिसेंबरला दोन्ही संपणार, आणि ११ जानेवारीला बाळ.

२७ नोव्हेंबर, सोमवार

वृद्धाश्रमाच्या कचेरीत फोन केला. यादी राज्याच्या राजधानीत, लॅन्सिंगला गेली, मुदत १० तारखेलाच संपली, आता एक वर्ष थांबा. आमच्या विमा कंपनीत फोन केला. ग्रँड रॅपिड्सच्या श्रीमती व्हॅन डर वाल. आवाज असा की वाटते त्या नियमांची पुस्तके उभी रचून त्यांच्यावर बसलेल्या आहेत.

"मुदत चौदा तारखेची होती, मिस्टर लाहती."

"चूक माझी आहे. कामगाराची नाही."

"ती कोणाची आहे हे फॉर्मवर विचारलेलं नाही."

"त्याच्या बायकोला आठवा महिना लागतोय."

मग, "मला वाईट वाटतं. पण मला वाटण्याने नोंदणी होत नाही."

बाहेरून नवी पॉलिसी घ्यावी, तर तीन ठिकाणी विचारले. गरोदर बाईला कोणी देत नाही, आणि एकजण द्यायला तयार आहे तो म्हणतो पहिले सहा महिने बाळंतपण धरणार नाही. बाळाला हे कोण समजावणार? मालकांनी त्यांच्या ओळखीच्या एजंटाला फोन केला. एजंट जंगलात आहे.

साधे बाळंतपण आठ-नऊ हजार. काही अवघड झाले तर टॉडचे घर जाईल. हा आकडा मी तक्त्यात लिहिला नाही. हिरव्या शाईत तो बसणार नाही.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

टॉडला सांगितले की अजून काही जमले नाही. तो सँडर बंद करून ऐकत होता.

"तुम्ही काढाल काहीतरी," तो म्हणाला.

त्याने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

३ डिसेंबर, रविवार

सापडले! सापडले! पान चौतीस!

चर्च चुकवून विम्याची पुस्तिका वाचत बसलो. ही पुस्तिका मी एकोणीस वर्षे सर्वांना वाटतो आणि सर्वांनी नीट वाचावी असा आग्रह धरतो. स्वतः बाराव्या पानापलीकडे गेलो नव्हतो. चौतीसाव्या पानावर, चष्म्यांच्या कलमाखाली, चार ओळी: कामगाराच्या घरी मूल जन्मले, तर त्याने पूर्वी विमा नाकारलेला असला तरी, तीस दिवसांच्या आत त्याला स्वतःची, पत्नीची आणि मुलाची नोंदणी करता येते. आणि विमा कधीपासून? जन्माच्या तारखेपासून!

म्हणजे बाळ स्वतः येऊन आईबापांना विम्यात घेणार! एवढा कर्तबगार मनुष्य आमच्या कारखान्यात एकही नाही.

मी टेबलावर मूठ आपटली. मार्लिस धावत आली.

"काय झालं? छातीत दुखतंय? काय दुखायचं ते याच महिन्यात दुखू दे, एक जानेवारीपासून आपल्याला परवडणार नाही."

तिला वाचून दाखवले. ती माझ्या खांद्यावरून वाकून पुन्हा स्वतः वाचू लागली. मग म्हणाली, "आणि आपलं? आपल्याला कसं घेणार?"

आणखी खाली वाचले. जन्म, दत्तक किंवा लग्न.

"घटस्फोट घेऊन पुन्हा लग्न केलं तर चालतंय," मी म्हणालो.

"पहिला अर्धा भाग मला मान्य आहे."

४ डिसेंबर, सोमवार

श्रीमती व्हॅन डर वाल यांनी कलम तोंडपाठ म्हणून दाखवले. बरोबर आहे म्हणाल्या. "तुम्ही सत्तावीस तारखेला हे विचारलं असतंत तर त्याच दिवशी सांगितलं असतं." बाईंची बाजू न्यायाची आहे.

टॉडला सांगितले तेव्हा त्याने मला उचलले. शब्दशः. माझे वजन एकशे नव्वद पौंड आहे.

आता फक्त एक फट राहते. ३१ डिसेंबरपर्यंत बाळ आले तर जुना विमा. जन्माच्या दिवसापासून नवा. मधले दिवस उघडे. इस्पितळात आदल्या दिवशी भरती झाली आणि बाळ दुसऱ्या दिवशी आले, तर आदला दिवस स्वतःच्या खिशातून. हे टाळता येण्यासारखे आहे! मी टॉडसाठी एक सुबक वेळापत्रक केले आहे. लाल शाईत शेवटची ओळ: "भरतीचा दिवस आणि जन्माचा दिवस शक्यतो एकच असावा." त्याने ते फ्रिजवर लावले आहे म्हणाला. मला फार समाधान वाटले.

२९ डिसेंबर, शुक्रवार

मालकांनी वर्षअखेरीचा हिशेब पाहिला आणि खूश होऊन म्हणाले, पुढल्या वर्षी त्यागवेतन दोनशे करू.

"करा," मी म्हणालो, "पण सही सप्टेंबरात. आणि नवराबायको दोघांनी माझ्या टेबलाशी एका वेळी बसून. आणि कार्ड पुढच्या वर्षाचं."

"सप्टेंबरात का?"

"तेव्हा या गावात पुरुषांना ऐकू येतं."

१ जानेवारी २००७, सोमवार

आजपासून मी आणि मार्लिस विम्याविना. एका एजंटने आमच्या दोघांसाठी एक भाव सांगितला. मार्लिसने त्याला विचारले की त्यात घर पण येते का. पुढच्या नोंदणीपर्यंत मला शिडी, कुऱ्हाड, गोठलेले तळे आणि तिच्या बहिणीचे खेकडा-सूप वर्ज्य. मला पलंगावरून उतरायला जाजम अंथरले आहे.

बाळ अजून नाही. चांगले बाळ आहे, पण आता त्याने सावकाश यावे.

८ जानेवारी, सोमवार

सकाळपासून सरोवरावरून येणारा बर्फ कोसळतो आहे. दुपारी टॉड म्हणाला, जेनेलची कंबर कालपासून दुखते आहे. मी म्हणालो, अकरापर्यंत अवकाश आहे, आणि वेळापत्रक जवळ आहेच. तो म्हणाला, हो, रोज वाचतो. घरी जाताना जरा घाईत होता. त्यांचा रस्ता गावाबाहेर सात मैल.

मला आज उगाच झोप लागणार नाही असे वाटते. केवढा थोर दिवस जवळ आला आहे!

९ जानेवारी, मंगळवार

दुपारचे तीन. इस्पितळातल्या कॉफीच्या यंत्राशेजारी वही गुडघ्यावर ठेवून लिहितो आहे, म्हणून अक्षर असे.

सकाळी साडेसातला टॉडचा फोन. "वेन, कळा काल रात्री नऊपासून आहेत. आम्ही तारीख बदलेपर्यंत थांबलो, तुमच्या कागदाप्रमाणे. मग निघतो म्हटलं तर रस्ताच नाही. ट्रक दारात अडकलाय, रात्रभर बर्फ उपसतोय. रुग्णवाहिकेवाले म्हणतात, बर्फ हटवणारा नांगर पुढे गेल्याशिवाय येता येणार नाही."

मार्लिसने माझ्या हातातून फोन घेतला.

"किती मिनिटांनी येतात? ... बरं. तिला डाव्या कुशीवर निजव. पाणी दे. फ्रिजवरचा तो कागद फाड आणि चुलीत घाल. हो, आत्ता."

तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. "वेन, तू एका बाईला कळा आवरून धरायला सांगितलंस. आदल्या दिवसाचा खर्च वाचावा म्हणून."

"मी शक्यतो असं लिहिलं होतं."

"ते सव्वीस वर्षांच्या मुलांनी वाचलंय! तुझ्या कागदावर तारखा होत्या, पैसे होते, लाल शाई होती. बर्फाचा रकाना कुठे होता?"

नव्हता. मी बड पेलकोलाला फोन केला. त्याच्या ट्रकला पुढे बर्फ लोटायचे पाते आहे. तो नाश्ता टाकून निघाला. पुढे बड, मागे आमची गाडी, मार्लिस चालवत होती. मला तिने चालवू दिले नाही. बर्फ दोन्ही बाजूंना खांद्यापर्यंत उडत होता. सात मैलांना पन्नास मिनिटे लागली. एकदा बड थांबला तेव्हा मला वाटले संपले सगळे. तो उतरला, पात्यातली कुंपणाची काठी काढली आणि पुन्हा चढला. त्याने एकदाही मागे पाहिले नाही.

जेनेल दारात उभी होती, कोट घालून, दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून. दार आमच्याच कारखान्याचे. टॉडचा चेहरा भुग्याविनाही पांढरा.

"अगं, बस आत आधी," मार्लिस म्हणाली.

"बसवत नाही," जेनेल म्हणाली, आणि मला पाहून, "वेन, नववी तारीख चालू आहे ना?"

त्या अवस्थेत तिने मला हे विचारले. मी हो म्हणालो आणि रस्ताभर तिच्याकडे पाहू शकलो नाही.

इस्पितळात दहा वाजून दहा. डॉक्टरीणबाईंनी तपासले आणि टॉडला विचारले, इतका वेळ का थांबलात. टॉडने माझ्याकडे पाहिले नाही. "रस्ता बंद होता," म्हणाला. हा मुलगा मला खोटे बोलून वाचवतो आहे आणि मी त्याला दीडशे डॉलरांचा पाळणा विकला होता.

मग दार बंद झाले. आमचा धंदा दारांचा. पण इतके बंद दार मी पाहिले नव्हते. आतून काही वेळ धावपळीचा आवाज. एक परिचारिका बाहेर आली, एक आत गेली. बाळाचे ठोके उतरत होते असे नंतर कळले. मार्लिस माझ्या शेजारी बसली होती, आणि तिने माझा हात धरला, पण माझ्याकडे न बघता. मी मनात म्हणालो, इस्पितळात दोन दिवस आधी येऊन महिनाभर राहा, खर्च कितीही होऊ दे, माझे सगळे वेतन घ्या, त्यागासह.

अकरा वीसला रडण्याचा आवाज आला. अगदी चिडलेला, जणू कोणी मुदत चुकवली आहे!

मुलगी. आई ठीक, मुलगी ठीक. टॉड बाहेर आला, भिंतीला टेकला आणि तिथेच खाली बसला. बड म्हणाला, "झालं? मग मी नाश्ता करून येतो."

मला आत बोलावले. लाल, सुरकुतलेली, मुठी आवळलेल्या. जेनेल म्हणाली, "हीच ना आम्हाला विम्यात घेणारी?" आणि हसली. मला बाहेर यावे लागले.

१० जानेवारी, बुधवार

टॉडने सकाळी माझ्या टेबलाशी बसून सही केली. मी फॉर्म तीनदा तपासला आणि मग त्यालाही तीनदा वाचायला लावला. तीस दिवसांची मुदत. आम्ही पहिल्याच दिवशी. फॅक्स गेल्यावर ग्रँड रॅपिड्सला फोनही केला, कारण आता माझा कागदावर पूर्वीइतका विश्वास नाही.

"नाव?" श्रीमती व्हॅन डर वाल.

"टॉड कोस्की. पत्नी जेनेल. मुलगी एडा."

"नोंदणीचं कारण?"

"जन्म."

"तारीख?"

"नऊ जानेवारी."

"इस्पितळात भरती?"

"नऊ जानेवारी." माझा आवाज जरा चढला असावा.

टाइप केल्याचा आवाज. बराच वेळ. "तिघांचीही नोंद झाली, मिस्टर लाहती. कालपासून लागू."

मी आभार मानले. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज येईना.

"वजन किती?" बाईंनी विचारले.

मी फॉर्म उलटून पाहिला, पुढून, मागून. "तसा रकाना दिसत नाही मला."

"नाही," त्या म्हणाल्या. "सांगा."

सात पौंड नऊ औंस, मी सांगितले. आणि त्यांनी ते लिहून घेतल्याचे मला ऐकू आले.